रंगारी मॅडमचा माइक

कॉलेजच्या कार्यक्रमात कोणी माइक हातात घेऊन "हॅलो, हॅलो, चेक" म्हणू लागलं की मला रंगारी मॅडम आठवतात. त्या तसं कधीच म्हणाल्या नाहीत. माइक तपासायचा असला की त्या त्याच्यासमोर ताठ बसत, चष्मा कपाळावर सरकवत आणि सतराचा पाढा म्हणत. बाराचा नाही, तेराचा नाही, सतराचाच. मी एकदा धीर करून विचारलं, सतराच का? तर म्हणाल्या, "बाकीचे पाढे तोंडातून आपोआप पडते. सतराले माणूस जागा राह्यते. झोपेतल्या आवाजावर कायले माइक लावाचा?"

हे त्या म्हणाल्या तेव्हा त्यांचा आवाज जवळजवळ गेलेला होता. चूल पेटवताना फुंकणीतून जसा वारा निघतो, तसा तो निघायचा. वाऱ्याच्या आत शब्द असायचे, पण ते पकडायला जवळ जावं लागे. गळ्यात गाठ झाली होती, नागपूरला ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाजाच्या दोन पट्ट्यांपैकी एक झोपून गेली. डॉक्टर म्हणाले, काही महिन्यांत जागी होईल किंवा होणारही नाही, तोवर कमी बोला. यातलं "कमी बोला" एवढं सोडून मॅडमनी बाकी सगळं नीट ऐकलं होतं.

मी त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला आले ते बी.एस्सी.साठी. माझं गाव लालबर्र्याच्या पुढे. बाबा राइस मिलमध्ये पोती उचलतात, आई धानाच्या रोवण्याला जाते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे तिथं काय विचारायचं असतं आणि कोणाला, हे मला सांगणारं कोणी नव्हतं. मी काहीच विचारत नसे. सर काही बोलले आणि कळलं नाही तरी मान हलवायची. मॅडमसमोरही माझं तेच. त्या बोलायच्या, अर्धं ऐकू यायचं नाही, आणि मी म्हणायची, "हौ मॅडम."

मॅडम सरकारी हिंदी शाळेत गणित शिकवत. वारासिवनी, हट्टा, लालबर्रा अशा बदल्या झाल्या आणि शेवटी बालाघाटला येऊन त्या रिटायर झाल्या. जुनी माणसं त्यांना बहनजी म्हणत, नवी मॅडम. मिस्टर गेले, मुलगी नागपूरला नोकरीत. घरी त्या एकट्याच, पण एकटं राहणाऱ्या बाईचं घर असतं तसं ते घर शांत नव्हतं. भिंतीला लागून बिसेनभाऊंची पिठाची चक्की होती.

शाळेतल्या त्यांच्या एका सवयीबद्दल मी पुष्कळ जणांकडून ऐकलं. वर्गात गोंधळ झाला की इतर मास्तर टेबलावर डस्टर आपटत. मॅडम उलटं करत. आवाज कमी करत जायच्या. आणखी गोंधळ, आणखी कमी. शेवटी नुसते ओठ हलायचे आणि हात फळ्यावर लिहीत राहायचा. आधी पुढच्या बाकावरची पोरं चूप व्हायची, मग मधली, मग मागची, आणि सगळा वर्ग पुढे वाकून बसायचा. मॅडमचा आवाज गेला म्हणजे त्या रागावल्या, आणि एकदा रागावल्या की तो दिवस संपला, हे पोरं एकमेकांना सांगून ठेवत. मोठी बहीण धाकटीला सांगायची. त्या शाळांमधून तो नियमच होऊन गेला होता.

शाबासकीही त्या तोंडानं देत नसत. उत्तर बरोबर आलं की उजव्या हाताच्या बोटानं हवेत बरोबरची खूण काढायच्या, वहीवर काढतात तशी. समोरून पाहणाऱ्याला ती उलटी दिसे. पोरं घरी जाऊन सांगत, "आज उल्टा टिक मिला."

रिटायर झाल्यावर त्यांनी दहावीच्या पोरांसाठी रोज संध्याकाळी लाइव्ह वर्ग सुरू केला. शाळा बंद होत्या त्या काळात फोनवर सुरू केला होता, तो पुढं बंद केलाच नाही. ज्या गावांत ट्यूशन नाही तिथली पोरं-पोरी त्यात असत. मुलीनं जुना लॅपटॉप दिला तेव्हा त्यात स्ट्रीमिंगचं सॉफ्टवेअर टाकून घेतलं आणि ते चालवायला त्या स्वतःच शिकल्या, व्हिडिओ लावून, थांबवून, पुन्हा लावून. ऑपरेशननंतर कोणालाही वाटलं असतं की आता वर्ग बंद. मॅडमना वाटलं, आता माइककडून काम करून घेतलं पाहिजे.

तो माइक मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. त्याचा स्टँड कलंडायचा म्हणून त्यांनी तो धान मोजायच्या पायलीत उभा केला होता आणि पायली तांदळानं भरली होती. मागच्या भिंतीवर आवाज आदळू नये म्हणून गोधडी टांगलेली. तोंडातला वारा माइकवर फडफडायचा, त्यासाठी मिस्टरांची लोकरीची टोपी माइकला घातली होती. मी टोपीकडे पाहिलं तर त्या म्हणाल्या, "हे टोपी घालून जन्मभर माह्यं ऐकत आले. आता बी ऐकतीन."

त्यांची काम करायची रीत अशी की एका दिवशी एकच गोष्ट बदलायची. सॉफ्टवेअरमध्ये आवाज सुधारायला पुष्कळ फिल्टर असतात. माझ्यासारखीनं सगळे एकदम लावून पाहिले असते. मॅडम म्हणायच्या, भाजीत मीठ अन् तिखट एकाच वक्ती टाकलं तर बिघडलं कायनं ते कसं समजन. एक फिल्टर लावायचा, एक वर्ग घ्यायचा, मग रेकॉर्डिंग ऐकायचं. पटलं तर ठेवायचं, नाहीतर काढायचं.

पहिल्यांदा त्यांनी गेन वाढवला, म्हणजे माइकची ऐकण्याची ताकदच वाढवली. त्या दिवशी वर्गात त्यांच्या आधी चक्की पोचली. पट्ट्याची घरघर, डबे आपटणं, गहू चाळून आणला नाही म्हणून बिसेनभाऊंनी कोणाला तरी दिलेलं लेक्चर, सगळं. "बिसेनभाऊ वर्ग घेऊन राह्यले, अन् मी बसली त्यायच्या मागं," असं म्हणत मॅडमनी गेन थोडा खाली आणला.

मग नको असलेला आवाज पुसून टाकणारा फिल्टर लावला. त्यानं चक्की पुसली, पंखा पुसला आणि त्याच झटक्यात मॅडमलाही पुसलं. त्यांचा आवाज वाऱ्यासारखा, आणि फिल्टरला वारा म्हणजे कचरा वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये त्या पाण्याखालून बोलल्यासारख्या वाटत होत्या. मॅडमनी हेडफोन काढला आणि तो फिल्टर बंद केला. 

इक्वलायझरवर मात्र त्यांचा जीव जडला. त्यात आवाजाचे तीन भाग करून प्रत्येक भाग वेगळा कमी-जास्त करता येतो. खालचा जाडा, मधला आणि वरचा बारीक. मॅडमनी त्यांना नावं ठेवली होती. जाडा म्हणजे आजोबा, मधला म्हणजे मास्तर, वरचा म्हणजे पोरं. आजोबा जास्त झाले की नुसती घुमघुम येते आणि काय बोलले ते समजत नाही. पोरं जास्त झाली की स आणि श कानात टोचतात. शब्द कळायचा तो मास्तरामुळे. मॅडमच्या आवाजातले आजोबा तर ऑपरेशनमध्येच गेले होते. चक्की आणि पंखा मात्र सगळे आजोबाच. म्हणून त्यांनी खालचा भाग बराच कमी केला, मधला थोडा वाढवला. तरी चक्की पुरती जाईना. "आजोबा हाकलले तं पोरायच्या पाठीमागून येते," असं त्या म्हणाल्या.

बिसेनभाऊंना चक्की थांबवा म्हणून सांगायचं मात्र त्यांच्या मनात कधी आलं नाही. मी एकदा सुचवलं, म्हणजे अर्धंच वाक्य बोलले. मॅडमनी हातानंच नाही म्हटलं. दुसऱ्याच्या रोजीवर बोट ठेवायचं नसतं.

मग त्यांना नॉइज गेट सापडलं. हे फिल्टर म्हणजे माइकला बसवलेलं दार. आपण एक पातळी ठरवून द्यायची. आवाज त्या पातळीच्या वर गेला तर दार उघडतं, खाली राहिला तर बंद. मॅडमना हे फार आवडलं. वर्गाला दार पाहिजेच, चक्की बाहेर आणि आपण आत. फक्त पातळी नेमकी कुठं ठेवायची, हे ठरवायला पुन्हा पुन्हा बोलून पाहावं लागतं, आणि त्यांचा गळा दोन-चार पाढ्यांत थकायचा. वर्गासाठीचा आवाज चाचणीत घालवायचा नव्हता. त्यांनी मला माइकसमोर बसवलं.

"मी कशी मॅडम," मी म्हटलं.

"काहून? तुह्या आवाजात अन् माह्या आवाजात फरक काय आहे? दोन्ही सारखेच बारीक."

ते खरं होतं. पहिल्या दिवशी मी पाढा म्हटला तेव्हा लॅपटॉपवरची हिरवी पट्टी मॅडमच्या वेळी जिथंवर जायची तिथंच थांबली. त्यांनी हातानं मापून पाहिलं आणि खूश झाल्या. मग रोज वर्गाच्या आधी मी पायलीसमोर बसायची आणि त्या बाहेरच्या खोलीत हेडफोन लावून. सतरा साते एकशे एकोणीसला मी अडखळायची. तिथून त्या दारात येऊन सांगायच्या, गळ्यातून नको, पोटातून बोल. पोटावर हात ठेवून दाखवायच्या. शेवटचा आकडा गिळू नको. लाजू नको, समोर टोपीच आहे. रोज पाढा, रोज दारात येणं, रोज पातळी थोडीशी इकडे-तिकडे. असे बरेच दिवस गेले. एका संध्याकाळी त्यांनी हेडफोन काढला, दारात आल्या आणि हवेत बोटानं बरोबरची खूण काढली. मला मिळालेली ती पहिली. चक्की चालू होती आणि रेकॉर्डिंगमध्ये तिचा मागमूस नव्हता. नुसता माझा आवाज होता, स्वच्छ. मी तो पहिल्यांदाच असा बाहेरून ऐकला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी गेट लावून त्रिकोणमितीचा वर्ग घेतला. परीक्षा जवळ येत होती आणि तो धडा पोरांना सगळ्यात जड जात होता. मी भिंतीपलीकडे चहा करत होते. मला त्यांची फुंकणीसारखी कुजबुज रोजच्यासारखी ऐकू येत होती, खडूचा टकटक आवाजही. मधे आत जाऊन टेबलावर कप ठेवला, "मॅडम, चहा" म्हटलं आणि बाहेर आले. वर्ग संपला तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता. एरवी वर्गभर पोरांचे मेसेज यायचे, मैडम आवाज़ नहीं आ रही, मैडम फिर से बोलिए. त्या दिवशी शेवटपर्यंत एकही आला नाही. पाहणाऱ्या पोरांचा आकडा मात्र शेवटपर्यंत तेवढाच होता. मॅडम चहा पिताना म्हणाल्या, "आज शाळेत शिकवल्यासारखं वाटलं."

घरचा अभ्यास पोरं फोटो काढून पाठवत. दुसऱ्या दिवशी दुपारी फोटो येऊ लागले तेव्हा मॅडम बुचकळ्यात पडल्या. फळ्यावर लिहिलेली आकृती सगळ्यांनी नीट उतरवली होती. तोंडी सांगितलेलं गणित एकानंही केलं नव्हतं. एकानं केलं नाही तर आळस म्हणता येतो, सगळ्यांनी केलं नाही तर काय म्हणायचं? त्यांनी रोशनीला फोन लावला. ही हट्ट्याकडची पोरगी, वर्गात सगळ्यात पुढे. फोन स्पीकरवर होता आणि मी बाजूला बसले होते.

मॅडमनी फोन तोंडाशी धरून विचारलं, मैंने जो सवाल बोला था वो क्यों नहीं किया?

 रोशनी घाबरत म्हणाली, "मैडम, अब आप नाराज़ नहीं हो ना?"

"कौन नाराज़?"

"कल आप कुछ बोली ही नहीं. बस होंठ चल रहे थे. मेरी दीदी वारासिवनी में आपसे पढ़ी है. उसने बताया था, रंगारी मैडम की आवाज़ बंद हुई मतलब गुस्सा हैं, एकदम चुप बैठना. तो मैंने सबको ग्रुप में बोल दिया. हम में से किसी ने एक मैसेज नहीं किया, मैडम." हे शेवटचं तिनं जरा अभिमानानं सांगितलं.

मी मधेच विचारलं की माइक खराब असेल असं वाटलं नाही का.

"नहीं दीदी. आपकी चाय वाली आवाज़ तो साफ़ आई थी."

आम्ही रेकॉर्डिंग लावलं. मॅडम फळ्यासमोर उभ्या होत्या, हात हलत होता, ओठ हलत होते, आणि आवाज कसलाच नव्हता. चक्की नाही, पंखा नाही, मॅडम नाहीत. खडू फळ्यावर जोरानं टेकला की तेवढा टक ऐकू यायचा आणि दार पुन्हा बंद. अख्ख्या वर्गात दार एकदाच पुरतं उघडलं होतं. "मॅडम, चहा." मोठा, भरलेला, पोटातून आलेला आवाज. तो माझा आहे हे कळायला मला क्षणभर लागला. रोज पाढे म्हणून माझा आवाज कधी वर चढला ते आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं, आणि त्या वाढलेल्या आवाजाच्या मापानं मॅडमनी दार बसवलं होतं. त्या पातळीच्या खाली त्या स्वतःच राहिल्या होत्या.

मॅडमनी रेकॉर्डिंग मधेच थांबवलं नाही. शेवटपर्यंत पाहिलं. मग माइकची टोपी काढून मांडीवर घेतली आणि तिच्यातून हात फिरवत बसल्या.

"सारी जिंदगी पोरायले चूप बसनं शिकवलं," त्या म्हणाल्या. "शिकले. पक्के शिकले."

त्यांना हसू येत होतं की काय ते मला कळेना. ऑपरेशननंतर त्यांचं हसूही बिनआवाजाचं झालं होतं. खांदे हलायचे फक्त. मग त्या आणखी काहीतरी बोलल्या, टोपीकडे पाहतच. मला ते ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "हौ मॅडम."

त्यांनी वर पाहिलं. "काय म्हटलं मी?"

मी नजर टोपीकडे वळवली.

"ऐकलं तुनं?"

मी मान हलवली. नाही.

"मंग हौ काहून म्हटलं?"

  मॅडम रागावल्या नव्हत्या. बराच वेळ त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, फळ्यावर आपणच मांडलेलं गणित तपासावं तशा. "मी इचारलं, वर्ग बंद करू का आता," त्या म्हणाल्या. "अन् तू हौ म्हटलं." मग म्हणाल्या, "तुले बी कोणी तरी हेच शिकवलं."

त्या संध्याकाळी वर्ग होईल की नाही, मला माहीत नव्हतं. त्रिकोणमिती अर्धी राहिली होती, आणि त्या पोरांना मॅडमशिवाय दुसरं कोणी नव्हतं. वेळ झाली तशी मॅडम नेहमीसारख्या लॅपटॉपसमोर बसल्या. नॉइज गेट काढून टाकलं. इक्वलायझर तेवढा ठेवला, आजोबा खाली, मास्तर वर. माइक पायलीसकट अगदी हनुवटीजवळ ओढला. पाढा म्हटला नाही. वर्ग सुरू झाला तेव्हा चक्की मागं खुशाल घरघरत होती.

"आज से नियम बदल गया," त्या पोरांना म्हणाल्या. "मैं नाराज़ नहीं हूँ. मेरी आवाज़ चली गई है, सच में चली गई है. सुनाई न दे तो चुप मत बैठना. बोलना. जितनी बार न सुनाई दे, उतनी बार बोलना."

इतकी वर्षं शिकवलेलं त्यांनी एवढ्या वाक्यांत मागं घेतलं. मी दाराशी उभी होते. थोडा वेळ पडद्यावर एकही मेसेज आला नाही. मग रोशनीचा आला. मैडम, आख़िरी वाला नहीं सुना. मॅडमनी आख़िरी वाला पुन्हा सांगितला. मग दुसऱ्याचा आला, मग तिसऱ्याचा, आणि मग काही थांबेचना. त्या वर्गात एक गणितसुद्धा पुरं झालं नाही. पण प्रत्येक "नहीं सुना"ला मॅडम हवेत बोटानं खूण काढत होत्या, बरोबर उत्तराला काढत तशी.

त्यानंतर मॅडमच्या गळ्यावर फार ताण येऊ लागला. एकच गोष्ट तीन-तीनदा सांगायची, तीही चक्कीच्या वर. एका संध्याकाळी वर्ग सुरू झाला आणि चक्की थांबली. मला वाटलं वीज गेली, पण पंखा चालू होता. वर्ग संपल्यावर बाहेर आले तर ओट्यावर गव्हाचे डबे घेतलेली माणसं निमूट बसलेली, आणि बिसेनभाऊ दारात उभे. त्यांची नात दहावीत होती. तिच्या फोनवर त्यांनी आपलीच चक्की ऐकली होती.

"बहनजी, इतने दिन से मेरी चक्की आपके वर्ग में चल रही है, और आपने बोला भी नहीं?"

मॅडम म्हणाल्या की तुमची रोजी आहे ती.

"एक घंटे में कौन-सी रोज़ी जाती है? बोलना तो था."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचे खांदे हलले. नियम फक्त पोरांसाठीच बदललाय असं त्यांना वाटलं होतं बहुतेक.

वर्ग चालू राहिले. आवाज काही परत आला नाही, उलट हळूहळू अजून कमी होत गेला. मॅडम जास्त लिहू लागल्या, कमी बोलू लागल्या. पुढची पायरी पोरंच मेसेजमधून सांगायची, मॅडम ती फळ्यावर मांडायच्या, आणि चुकली की खडू तिथंच थांबवायच्या. पोरं ओळखायची. शेवटचा धडा संपला तेव्हा परीक्षा अगदी तोंडावर आली होती. त्या दिवशी त्या जवळजवळ काहीच बोलल्या नाहीत, आणि पडद्यावर इतके मेसेज होते की मला ते मॅडमना वाचून दाखवता दाखवता दम लागला. पोरं पास झाली. रोशनीनं गणितात किती मिळवले ते मॅडमनी ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाला हातानं आकडे दाखवून सांगितलं.

उन्हाळ्यात मुलगी म्हणाली, आता नागपूरला या, तिथं आवाजाचा इलाज रोज करता येईल. मॅडम तयार झाल्या. निघायच्या आदल्या दिवशी पायलीतला तांदूळ शिजवला आणि माइकला टोपीत गुंडाळून बॅगेत ठेवलं. मला म्हणाल्या, खोली तुहीच आहे, शिकनं होयेपर्यंत रायजो.

सकाळी मी त्यांना स्टेशनवर पोचवायला गेले. गाडी गोंदियाची, पुढं बदलून नागपूर. त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. भोंग्यावर घोषणा झाली, नुसती घुमघुम, एक शब्द कळेना. मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या आणि हात खाली-खाली नेऊन दाखवला. आजोबा कमी करा. मला हसू आलं.

गाडीनं शिटी दिली. मॅडम खिडकीच्या गजांशी आल्या आणि काहीतरी बोलल्या. ओठ हलताना दिसले. मला काहीच ऐकू आलं नाही. माझी मान सवयीनं हलायला लागली होती, "हौ" ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

"मॅडम, ऐकू नाही आलं," मी म्हटलं. ते इतकं हळू निघालं की मलाच नीट ऐकू आलं नाही.

त्यांनी कानामागं हात धरला.

मी पोटावर हात ठेवला. "मॅडम, आवाज नाही आला!"

फलाटावरची माणसं वळून पाहू लागली. चहावाला थांबला. मला लाज वाटली, पण वाटली तितकी नाही. मॅडम आता पुन्हा सांगतील म्हणून मी गाडीबरोबर चालू लागले. त्या काही बोलल्या नाहीत. मला आता कधी कधी वाटतं, त्या पहिल्यांदाही काही बोलल्या नसतील, वर्गात करायच्या तसे नुसते ओठ हलवले असतील. मी ते त्यांना अजून विचारलेलं नाही. गाडीनं वेग घेतला तेव्हा त्यांनी गजांतून हात बाहेर काढला आणि बोटानं हवेत एक खूण काढली. माझ्या बाजूनं ती उलटी दिसली.